उलटे बाण

बी.एस्सी.च्या तीन वर्षांत माझी ऑरगॅनिक केमिस्ट्रीची वही परीक्षेच्या आधी कधी माझ्याजवळ राहिली नाही. ती कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे असायची, नाहीतर वर्गातल्या कुणाच्या तरी दप्तरात. मी चार रंगांचे पेन वापरायचे. षट्कोन पट्टीने काढायचे, अणूंची अक्षरं काळी, बंध निळे, बाण लाल आणि रिअ‍ॅक्शनचं नाव हिरव्या चौकटीत. कुठल्या पानावर डावीकडे खाली काय आहे ते मला डोळे मिटून दिसायचं. पेपरात प्रश्न वाचला की ते पान समोर उभं राहायचं आणि मी ते उतरवून काढायचे. मार्क भरपूर मिळायचे. मला केमिस्ट्री येते असं सगळे म्हणायचे, आणि त्यात शंका घेण्यासारखं मलाही काही वाटलं नव्हतं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावपासून तीन किलोमीटरवर. वडील गवंडी, आई घरचं करून रोजीने शेतात जाणारी. वस्तीतून एम.एस्सी.ला जाणारी मी पहिली मुलगी, म्हणून प्रवेश झाला तेव्हा विहारात माझा सत्कार झाला. शाल मिळाली. शेजारच्या काकांनी चार शब्द बोलताना मी पुढे औषधं शोधून काढणार आहे असं सांगून टाकलं. मी मान खाली घालून बसले होते, पण मनातून ते मला पटलं होतं.

गोंदियाच्या कॉलेजात पहिल्या सत्राचा ऑरगॅनिकचा पेपर हातात आला, तेव्हा त्यात एकाही रिअ‍ॅक्शनचं नाव नव्हतं. हा पदार्थ आहे, त्यात हे आम्ल घातलं, काय तयार होईल आणि कसं ते दाखवा. एवढंच. मी पानं आठवायला लागले. आठवलेल्या पानावरचा रेणू वेगळा होता. पेपरातल्याला एक फांदी जास्त होती, नाहीतर ऑक्सिजन भलत्याच जागी होता. मी पानावरचं चित्र जसंच्या तसं त्या रेणूवर बसवलं. तीन तास लिहिलं, दोन पुरवण्या जोडल्या आणि पेपर बरा गेला म्हणून घरी सांगितलं.

निकाल आला तेव्हा मी आईसोबत धानाच्या बांधीत चिखलात उभी होते. उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू होती, बाया मिळत नव्हत्या, म्हणून मी कॉलेज बुडवून गेले होते. फोन पिशवीत गुंडाळून कडेच्या धुऱ्यावर ठेवला होता. तो वाजत राहिला तेव्हा मी हात पुसून बघितलं. वर्गाच्या ग्रुपवर निकालाची लिंक आली होती. पान उघडायला फार वेळ लागला. बाकीचे सगळे विषय निघाले होते, ऑरगॅनिकसमोर नापास होतं.

आईने वाकल्या वाकल्या विचारलं, "का झालं वो?"

"एक विषय राहिला."

"कोनता?"

"ऑरगॅनिक."

ती सरळ उभी राहिली. तिला बाकी काही माहीत नव्हतं, पण तो विषय माझा हातखंडा आहे हे तिला माहीत होतं, कारण मीच ते दहादा सांगितलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या हाताकडे. हातात रोपांची जुडी होती, ती पाण्यात ठिबकत होती.

"हातातले पऱ्हे लाव आधी," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

संध्याकाळी वडिलांनी तलाठी भरतीचा विषय काढला. रागाने नाही, समजुतीने. हे जमत नसेल तर जबरदस्ती कायले करायची, असं त्यांचं म्हणणं. ते ओरडले असते तर मी उलट बोलले असते. त्यांच्या त्या समजूतदारपणाने मला इतकं अपमान झाल्यासारखं वाटलं की मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑरगॅनिक शिकवणाऱ्या सरांकडे गेले. सर अकोल्याकडचे, कमी बोलणारे. कुणाला शाबासकी दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मी माझी वही सोबत नेली होती. ती बघून त्यांना पेपर तपासणाऱ्याची चूक कळेल असा माझा हिशेब होता. त्यांनी दोन-तीन पानं उलटली, वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि फळ्याकडे बोट केलं. पाण्याचा रेणू काढ म्हणाले. काढला. शेजारी एक हायड्रोजन काढ, अधिक चिन्ह असलेला. काढला. आता पाणी त्याला कसं पकडतं ते बाणाने दाखव.

मी हायड्रोजनपासून ऑक्सिजनकडे बाण काढला. छान, गोलाईदार.

"बाण कुठून निघाला?" सरांनी विचारलं.

"हायड्रोजनपासून."

"त्याच्याजवळ द्यायला काय आहे?"

हायड्रोजन ऑक्सिजनकडे जातो, म्हणून बाण तिकडे, असं काहीतरी पुटपुटले.

"बाण इलेक्ट्रॉनचा असतो," ते म्हणाले. "ज्याच्याजवळ आहेत त्याच्यापासून निघतो आणि ज्याला कमी आहेत त्याच्याकडे जातो. हे अकरावीला सांगतात. पाच वर्षं तू चित्रं काढत होतीस."

बस निघायला तासभर होता. तो तास मी स्टँडच्या बाकावर बसून सरांवर चिडण्यात घालवला. मग मला आजवर मार्क देणाऱ्या सगळ्यांवर चिडले. एवढ्या वर्षांत कुणाला माझे उलटे बाण दिसले कसे नाहीत? रागारागात वही उघडली. पहिल्याच पानावर, हिरव्या चौकटीत, माझ्याच सुंदर अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं होतं की वाकडा बाण म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोडीची हालचाल. मीच लिहून घेतलं होतं, मीच पाठ केलं होतं. पुढच्या पानांवरचे बहुतेक बाण बरोबरही होते, कारण ते फळ्यावरून उतरवलेले होते. ते तसेच का आहेत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मग चिडायलाही कुणी उरलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी जे केलं त्याला मेहनतच म्हणावं लागेल, पण त्याचा उपयोग शून्य झाला. यूट्यूबवर मेकॅनिझमचे, म्हणजे कुठला बाण कुठून कुठे जातो ते पायरीपायरीने दाखवणारे व्हिडिओ बघितले. शिकवणारा बोलत असायचा तोपर्यंत सगळं लख्ख समजायचं. फोन बाजूला ठेवून कोरं पान घेतलं की पहिला बाणसुद्धा सुचायचा नाही. मग मी पुन्हा व्हिडिओ बघायचे. लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं. त्यातल्या प्रश्नाखालीच उत्तर असायचं, आणि डोळा आपोआप उत्तरावर जायचा. उत्तर बघितलं की 'हे तर मला येतच होतं' असं वाटायचं. सगळ्यात कठीण होते सिंथेसिसचे प्रश्न. त्यात एक साधा पदार्थ देतात, एक गुंतागुंतीचा, आणि पहिल्यापासून दुसरा बनवायला सांगतात. मी पहिल्यापासून सुरुवात करायचे. त्याला काय काय करता येतं याची यादी मला पाठ होती. दर पावलाला दहा वाटा फुटायच्या आणि तिसऱ्या पावलानंतर मी पार जंगलात असायचे. म्हणून मी आणखी रिअ‍ॅक्शन पाठ करायला घेतल्या. घराच्या भिंतीवर कागद चिकटवले. त्याने वाटा फक्त वाढल्या.

सर दर शनिवारी एक छोटी परीक्षा घ्यायचे. दोन प्रश्न, अर्धा तास. माझ्या कागदावर ते लाल शाईने फक्त एक गोल करायचे, जिथे पहिली चूक असेल तिथे. खाली काही लिहायचे नाहीत. माझा गोल नेहमी पहिल्याच ओळीत असायचा.

वर्गात एक मुलगी होती, गोंदियाच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानदाराची. घरी हिंदी, बाहेर हिंदी. मराठी तिला समजायचं, बोलायची कमी. ती वर्गात जांभया द्यायची, वही कधी पूर्ण नसायची, आणि शनिवारी तिच्या कागदावर बहुधा गोलच नसायचा. मला तिचा रागच यायचा. आपण दोन गाड्या बदलून यायचं, पहाटे उठून भिंतीवरचे कागद वाचायचे, आणि हिने दुकानावरून चालत यायचं आणि सोडवून टाकायचं. पण तिला इनऑरगॅनिकचं पाठांतर जमत नव्हतं आणि माझ्या नोट्स हव्या होत्या. मी म्हटलं, नोट्स घे, मला मेकॅनिझम सांग.

आम्ही दुपारी तिच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसायचो. खाली दिवसभर भांड्यांचा आवाज. मधूनच कुणाच्या तरी हातून ताटल्यांची चळत सुटायची आणि आम्ही दोघी दचकायचो. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर ती प्रश्न काढून द्यायची आणि पुस्तकातल्या उत्तरावर दुकानातली एक नवी कोरी ताटली पालथी घालायची. ती ताटली उचलायला मला बंदी होती.

ती शिकवायची म्हणजे एकच विचारायची. "कौन दे रहा है? कौन ले रहा है?" इलेक्ट्रॉन कोण देतो, कोण घेतो. मी नाव सांगायचे. म्हणायचे, ही अल्डॉल आहे. ती म्हणायची, नाम मत बता. मी आठवून पुढची पायरी लिहायचे. ती खोडायची. एका प्रश्नावर आम्ही दोन तास बसलो, आणि दोन तासांत मी दोन बाण काढले. माझा संयम सुटला. मी म्हटलं, तू एकदा पूर्ण करून दाखव ना, मी लक्षात ठेवते.

तिने पेनाचं टोपण लावून पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "तेरे को उत्तर मालूम रहता है ना, इसलिए तू सोचती नहीं."

मी दप्तर उचलून निघून आले. चार दिवस गेलेच नाही. पाचव्या दिवशी गेले, कारण शनिवारी पुन्हा पहिल्याच ओळीत गोल आला होता आणि मला जायला दुसरी जागा नव्हती.

त्या सुमारास मी एक साधी शाळेची वही घेतली आणि तीत फक्त चुका लिहायला लागले. एरवी मी केमिस्ट्री इंग्रजीतच लिहायचे. या वहीत आपोआप मराठी आलं, तेही घरचं. 'बाण उलटा काढला.' 'कार्बनले पाच हात देले.' 'आम्लात बसून बेस वापरला, कायले?' 'हायड्रोजन मोजलेच नाही.' प्रत्येक पायरीला मी स्वतःला 'कायले' विचारायचे. हा इथंच कायले येईन, तिकडं कायले नाही जात? गोरेगावची बस बाजाराच्या दिवशी इतकी भरायची की वही उघडायला जागा नसायची. मग मी दांडा धरून डोक्यातच बाण काढायचे. शेजारच्या बायांना मी कसला तरी जप करतेय असं वाटत असेल. कॉलेज नसेल त्या दिवशी गावात दुपारी विहाराची खोली मोकळी असायची, पंखा होता, तिथे बसायचे. एक दिवस एक प्रश्न, उत्तर न बघता. सुटला नाही तर दुसऱ्या दिवशी तोच. असे कितीतरी दिवस एकाच प्रश्नात गेले. सुधारणा होते आहे असं त्या काळात मला एकदाही वाटलं नाही. त्याच त्या चुका वहीत पुन्हा पुन्हा यायच्या आणि ते वाचून मला माझीच शिसारी यायची. आता मी तिरोड्याला एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवते. मुलं म्हणतात, मॅडम, रोज केलं की येतं का? मी हो म्हणते, पण किती दिवस येत नाही आणि ते दिवस कसे असतात ते मला सांगता येत नाही.

सिंथेसिससाठी सरांनी सांगितलेली रीत उलटी होती. जे बनवायचं आहे तिथून सुरू करायचं, आणि हा बंध शेवटी कसा जोडला गेला असेल असं विचारत मागे मागे यायचं. ऐकायला सोपं. मी दोन बंध मागे यायचे आणि मग सवयीने पुढून पळत सुटायचे. दोन्ही टोकं मध्ये कधी भेटायची नाहीत. एकदा चिडून मी विहारातच वही भिंतीवर फेकली. ती बुद्धमूर्तीच्या बाजूच्या फुलदाणीला लागली आणि पाणी सांडलं. कुणी बघितलं नाही. मी फरशी पुसली आणि तसंच चोरासारखं बसून राहिले.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी सेमिनार होते. प्रत्येकाला एक पदार्थ दिला जाई; तो कसा बनवायचा हे फळ्यावर सगळ्यांसमोर सांगायचं. त्याचे अंतर्गत मार्क असत. माझा माझ्या मानाने धड झाला, म्हणजे सरांनी चार ठिकाणी थांबवलं. नंतर भांड्यांच्या दुकानवालीचा नंबर आला. ती नेहमीसारखी हात हलवत, खडू उडवत भराभर लिहीत गेली. तिसऱ्या पायरीला तिने मॅग्नेशियम घालून बनवलेला एक अभिकर्मक वापरला. तो फार तापट. त्याला पाणी चालत नाही, अल्कोहोलचा हायड्रोजन चालत नाही. तसलं काही आसपास असलं तर तो आपलं काम सोडून आधी तो हायड्रोजन ओढून घेतो आणि संपतो. आणि तिने त्याच रेणूच्या दुसऱ्या टोकाला ओएच, म्हणजे अल्कोहोलचाच तो हायड्रोजनवाला गट, तसाच उघडा ठेवला होता. तो आधी झाकायला हवा होता.

मला ते दिसलं. वर्गात कुणाच्याही आधी दिसलं. हीच चूक माझ्या चुकांच्या वहीत तीनदा होती, म्हणून दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता, कुठलंही पान न आठवता, मला एका रेणूत पुढे काय होणार ते दिसलं होतं. ती फळ्याकडे तोंड करून उभी होती आणि मी पहिल्या बाकावर. नुसता हात वर केला असता, किंवा हळूच 'ओएच' म्हटलं असतं, तरी तिने पुसून दुरुस्त केलं असतं. ती माझ्यासाठी रोज तेच करत होती.

मी काही बोलले नाही. विसरले नाही, घाबरलेही नाही. मला बरं वाटत होतं. तिचं चुकतंय हे बघायला मला मनापासून बरं वाटत होतं.

दोन पायऱ्या पुढे गेल्यावर सरांनी तिला थांबवलं. "तो ओएच काय शोभेला ठेवलाय?" ते म्हणाले. तिला पटकन कळलं नाही. ती फळ्याकडे बघत राहिली. मग सर बरंच बोलले. हुशारीच्या जोरावर चालतं असं वाटायला लागलं की हे असं होतं, तिसऱ्या पायरीला सगळा माल फुकट गेला आणि पुढचं सगळं खोटं आहे, बस खाली. मागे कुणीतरी हसलं. तिने खडू ठेवला आणि हात ओढणीला पुसत जाग्यावर गेली.

बाहेर सायकल स्टँडपाशी तिने मला गाठलं. तिचा चेहरा उतरला होता, पण रडली नव्हती.

"तेरे को दिखा था?" तिने विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. माझ्यासारखीला दिसलं असेल असं कुणी धरूनही चाललं नसतं. पण ती माझा प्रत्येक बाण ओळखत होती.

"हो," मी म्हटलं.

"तो बोली काहे नहीं?"

कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. ती मान हलवून निघून गेली.

त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. भांडली नाही, नोट्स परत पाठवून दिल्या नाहीत. फक्त वर्गात दुसऱ्या बाजूला बसायला लागली. मी बाजारातून जाताना दुकानासमोरचा रस्ता टाळायचे. त्यातच एका शनिवारी माझा कागद परत आला तेव्हा पहिला प्रश्न अख्खा कोरा होता, म्हणजे त्यावर एकही गोल नव्हता. मी तो कागद उलटसुलट बघितला. मागूनही बघितला. सर गोल करायचा विसरले असतील असं वाटून पायऱ्या पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या. इतके महिने ज्याच्यासाठी रडले ते हातात आलं होतं, आणि ते दाखवावं असं माणूस वर्गातच चार बाक सोडून बसलं होतं. तो कागद मी घरी नेला. आईला म्हटलं, आज एक बरोबर आला. ती म्हणाली, "एकच?" तिचंही बरोबर होतं.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा मी दुकानावर गेले. काय बोलायचं ते बसमध्ये चार वेळा ठरवलं होतं. गल्ल्यावर तिची आई होती. मला बघून म्हणाली, इतके दिवस होतीस कुठे, बरं नव्हतं का. म्हणजे तिने घरी काही सांगितलं नव्हतं. ते ऐकून माझं ठरवलेलं सगळं डोक्यातून गेलं. वर गेले तर ती जमिनीवर कॅलेंडर पसरून बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की मला दिसलं होतं आणि मला आनंद झाला होता, म्हणून बोलले नाही.

"इतना तो मेरे को वहीं समझ गया था," ती म्हणाली. मग तिने माझ्यासाठी जागा केली नाही की बस म्हटलं नाही. मीच बसले. तिने पुढ्यातला कागद अर्धा माझ्याकडे वळवला. त्या दिवशी तिने एक पायरी चुकीची लिहिली आणि मी लगेच बोट ठेवलं. तिने खोडलं. मला वाटलं ती काही म्हणेल, पण तिने फक्त पुढचं लिहिलं. आमच्यात आधी जो हसण्याचा भाग होता तो परत आला नाही. अभ्यास मात्र परत आला, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा चांगला झाला, कारण आता दोघी एकमेकींना तपासत होतो. ती पुढे पहिल्या वर्गात पास होऊन हैदराबादला एका औषध कंपनीत लागली. नवीन वर्षाला मेसेज येतो, मी उत्तर देते.

राहिलेला पेपर आणि दुसऱ्या सत्राचा पेपर मी एकाच महिन्यात दिले. दोन्हींत सिंथेसिसचे प्रश्न होते. एक पूर्ण सुटला. एकात मध्ये अडकले, पण कुठे अडकले ते मला कळत होतं, आणि तेवढं मी कागदावर लिहून ठेवलं. निकालात दोन्ही पेपर निघाले. मार्क असे होते की बी.एस्सी.त तेवढे पडले असते तर मी दिवसभर दार लावून बसले असते. वडिलांनी विचारलं, आता तं समजते ना? मी म्हटलं, थोडं. ते म्हणाले, एवढ्या खटाटोपात थोडंच?

सरांकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी एक उचलला, टेबलावर ठेवला आणि एका कागदावर एक रेणू काढून दिला. दोन कडी एका बाजूने एकमेकांना चिकटलेली, एका कोपऱ्यात ऑक्सिजन. बस किती वाजता आहे विचारलं. साडेपाचला म्हटलं. बरोबर साडेतीन वाजले होते.

मी मागच्या बाकावर बसले. मागून एकेक बंध कापत आले. दोनदा चुकले, दोनदा खोडलं, एकदा वाटलं की मुद्दाम न होणारं काहीतरी दिलंय. पाच वाजता माझ्याकडे सात पायऱ्यांचा मार्ग होता. सरांनी एकेका बाणावर पेनाचं टोक ठेवत तो वाचला. एकाही ठिकाणी गोल केला नाही.

"चूक काही नाही," ते म्हणाले. "लांब आहे. तीन पायऱ्यांत होतं."

मग त्यांनी घड्याळ दाखवलं आणि मला बसला पाठवलं.

गोरेगाव येईपर्यंत मी संतापलेली होते. एवढा एक दिवस तरी बरं झालं म्हणून सोडून द्यायचं होतं. काय बिघडलं असतं? पण बसमध्ये डोकं थांबेना, ते सात पायऱ्यांतल्या दोन एकत्र करता येतात का ते बघत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच पायऱ्यांचा मार्ग निघाला. फोटो काढून सरांना पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. महिन्याभराने चार पायऱ्यांचा निघाला, तोही पाठवला. त्यालाही तेच. पुढच्या वर्षी सरांची बदली झाली आणि नंबरही बदलला. तीन पायऱ्यांचा मार्ग मला अजून सापडलेला नाही. मधूनमधून रिकाम्या तासाला मी तो रेणू काढते, कुठल्या तरी नव्या बंधापाशी कापून बघते, आणि घंटा होते.